मिरचीचे पाणी व बुजविलेला खळगा

प्रति,
मेहेरबान चेअरमन,
सफाई कमिटी, कसबे धामणखेडे,
तालुके नंदुरबार, जिल्हा पश्चिम खानदेश.

विषय : मिरचीच्या पथारीवरून वाहणारे पावसाचे पाणी नदीतील झिऱ्यात जाते, ते आखाजीपूर्वी अडविण्याबाबत.

संदर्भ : माझा फाल्गुन वद्य द्वितीयेचा अर्ज व त्यावरील ‘तक्रारीत तथ्य दिसत नाही’ हा आपला शेरा.

महोदय,

वरच्या आळीत सांडलेले पाणी खालच्या आळीतील घागरीत जाते. दोन्ही घरांची ओळख नसली तरी हा संबंध तुटत नाही. म्हणून उंचावर राहण्याच्या सुखाबरोबर थोडी जबाबदारीही येते. ती पाळण्यात कमिटीकडून, व त्याहून अधिक माझ्याकडून, चूक झाली आहे. ती निवेदन करण्यास हा अर्ज.

पेठेतील पावसाचे पाणी पूर्वी वाकड्यातिकड्या ओहोळाने गावाबाहेरच्या खळग्यात उतरे, लव्हाळ्यात चार दिवस विसावे, गाळ खाली ठेवी आणि मग नदीस मिळे. त्या खळग्यातील बेडूक माझ्या पाठशाळेतील विद्यार्थ्यांपेक्षा मोठ्याने व अधिक नियमाने पाठ म्हणत. सबब तो बुजवावा असा अर्ज तीन वर्षांपूर्वी मीच केला होता. कमिटीने तो तत्परतेने मान्य केला व ओहोळाच्या जागी सूत धरून सरळ दगडी गटार बांधले. उद्घाटनसमयी त्या गटारास भगीरथाच्या मार्गाची उपमा देणारे चार श्लोक मी रचून म्हटले. ते श्लोक मी या अर्जाद्वारे परत घेतो.

यंदा फाल्गुनात अवकाळी पाऊस झाला, त्या वेळी गावाच्या माथ्यावरील पथारीत, म्हणजे वाळवणाच्या मैदानात, व्यापारी सत्तारशेट यांची मिरची पसरलेली होती. तिच्यावरचे पाणी सरळ गटारातून सरळ नदीत आले. दुसऱ्या दिवशी उजाडण्याच्या सुमारास मी नित्याप्रमाणे नदीच्या घाटावर संध्येस बसलो व केशवनामाने पहिले आचमन घेतले. ते तिखट होते. आचमन थुंकता येत नाही व अर्धे सोडताही येत नाही. म्हणून नारायणनामाने दुसरे व माधवनामाने तिसरेही घेतले. त्यानंतर माझ्या डोळ्यांतून ज्या धारा लागल्या त्या पाहून, मला देवदर्शन झाले असे समजून, घाटावरील मंडळींनी मला नमस्कार घातले. कंठातून शब्द फुटत नसल्यामुळे मला ते नाकारता आले नाहीत. दुपारपर्यंत सतरा माणसांनी त्याच जागी आचमन केले व सर्वांसच प्रत्यय आला.

आपल्या ओव्हरसियरांनी चौकशीअंती लिहिले आहे की, ‘अर्जदार नदीकाठी आनंदाश्रू ढाळताना अनेकांनी पाहिले, सबब पाणी उत्तम आहे.’ अश्रूंविषयी वाद नाही. त्यातील आनंद तेवढा वगळावा.

माझ्या फजितीस कोणी हसल्यास मीही हसेन. परंतु गटाराचे तेच पाणी नदीच्या वाळूत पिण्याच्या पाण्यासाठी खणलेल्या झिऱ्यात शिरले होते. झिरा उपसणाऱ्या तापीबाई यांनी वरून निवळ दिसणाऱ्या त्या पाण्याने आपल्या बारा दिवसांच्या नातवास न्हाऊ घातले. बालकाचे दोन्ही डोळे सुजले. त्या माझ्या दारी येऊन जे बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत लिहितो : “महाराज, तुम्हनं रडनं देवनं व्हयी. मन्हा नातूनं रडनं कोन्हं शे?” वैद्यांच्या उपचाराने बालकाने त्यानंतर नवव्या दिवशी डोळे उघडले.

खालच्या आळीतील चाळीस घरे याच झिऱ्याचे पाणी पितात. पथारीत अद्याप बी व भुकटी पडून आहे, आणि दोन दिवसांपासून आभाळ भरून येत आहे. आखाजीस, म्हणजे अक्षय्य तृतीयेस, घरोघर पितरांसाठी नवी घागर याच झिऱ्यावर भरली जाईल. जिवंतांनी अर्ज तरी केला. पितरांस ती सोय नाही.

मी सत्तारशेट यांस भेटलो. ते म्हणाले, “पंडितजी, मिरची मेरी है, पानी सबका है. खड्डा मेरे आदमी खोद देंगे, आप सिर्फ हुकूम लाओ.” हुकूम तेवढा राहिला आहे, कारण बुजविलेल्या जागी कमिटीने ‘येथे खोदू नये’ अशी पाटी लावली आहे. तरी विनंती की, पाटी काढावी, खळगा पूर्ववत खोदू द्यावा व गटारास तेथे एक वळण द्यावे. वळणाने गटाराची शोभा कमी होईल, हे मान्य आहे. बेडकांविषयीची माझी हरकत मी कायमची मागे घेतो. मातीची पहिली पाटी वाहण्यास, वय एकाहत्तर असले तरी, मी हजर राहीन.

सोबत : झिऱ्यातील त्या दिवसाच्या पाण्याची लाखबंद बाटली एक. कमिटीने केवळ वास घ्यावा. चव पाहण्याचे काम अर्जदाराने पार पाडले आहे.

कळावे, आपणा सर्वांचे शुभ चिंतणारा,
धुंडिराज वामन धर्माधिकारी
मिती चैत्र वद्य पंचमी, शके १८५७

ता. क. हुकूम लिहिणाऱ्या हातास यश येवो, खोदणाऱ्या हातांस बळ येवो, आणि तापीबाईंच्या घरातील त्या चिमुकल्यास नदी दीर्घकाळ निर्मळ दिसो.