आर्डिथशेजारची खुर्ची

मी, व्हर्ना मे कॉर्कम, वय एकोणऐंशी, निवृत्त टपाल कारकून, राहणार झिंक कोव्ह, नोव्हा स्कोशिया, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचं काय करावं ते इथे लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. हृदयाबद्दल त्यांनी तसं काही लिहिलं नाही, म्हणून ही घाई. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. मनाला टोचणी आहे, पण कायदा ती दडपणात धरत नाही, असं वकीलबाई ग्वेन आइझनॉर म्हणाल्या.

कलम १. राहतं घर माझी धाकटी बहीण आर्डिथ हिला तिच्या हयातीपर्यंत, आणि तिच्यानंतर भाची लोरेटा हिला. लोरेटाने आर्डिथसोबत राहायचं कबूल केलं आहे. तिने स्वयंपाकघरातल्या कपांची जागा बदलू नये. कप सापडला नाही की आर्डिथ दिवसभर रडवेली असते.

कलम २. बँकेतली शिल्लक आर्डिथच्या देखभालीसाठी. शिलाई यंत्र लोरेटाला. बर्फ काढायचं फावडं शेजारच्या लॉइड वायनॉटला, कारण कित्येक हिवाळे ते त्याच्याच अंगणात पडलेलं आहे. मागायला गेलं की म्हणतो, "अगं, आत्ता आणून देणारच होतो."

कलम ३. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये दर गुरुवारी प्रश्नमंजूषा होते. तिथे वर्षानुवर्षं प्रश्न मी काढले आणि मीच विचारले: इतिहास, टीव्ही, सणवार, आकडे, भुताखेतांच्या गोष्टी, समुद्रातले प्राणी. नियम एकच, विचारणारीचा शब्द अखेरचा. या नियमाचा मी जो वापर केला, तो लिहिताना मला लाज वाटते.

तीन हिवाळ्यांपूर्वी मी विचारलं, नाताळच्या दुसऱ्या दिवशीच्या सुट्टीला काय म्हणतात? बॉक्सिंग डे, शेंबडं पोरही सांगेल. आर्डिथला आलं नाही. तिने मुद्दाम गंमत केली असं वाटून हॉल हसला. तीही हसली. घरी आल्यावर मात्र कोट न काढता टेबलाशी बसून राहिली आणि म्हणाली, "व्हर्ना, मी नाही यायची आता तिथे. लोक बघतात गं."

तिला त्या एका संध्याकाळची ओढ असते, बाकी आठवडा ती नुसता ढकलते. म्हणून मी लबाडी सुरू केली. गुरुवारी सकाळी न्याहारीला सहज विषय काढायचा. हॅडॉक माशाच्या अंगावरचा काळा डाग कोणत्या संताच्या अंगठ्याचा म्हणतात? ऑक्टोपसला हृदयं किती? न्यूफाउंडलंड कॅनडात कधी आलं? तिला जे आठवेल ते संध्याकाळी विचारायचं, जे निसटलं असेल ते गाळायचं. आर्डिथचा गट जिंकू लागला. बक्षिसाचा, मासेमारीच्या जाळ्यावर तरंगतो तसला रंगवलेला लाकडी बोया दोन वर्षं तिच्या खाटेपाशी आहे.

हे एकाच्याच लक्षात आलं: क्लाइड हिमेलमन, जन्मभर लॉबस्टर पकडत आलेला, समोरच्या गटाचा म्होरक्या. भर हॉलमध्ये उभा राहून म्हणाला, "व्हर्ना, हे प्रश्न तू कोणाच्या तरी मापाने शिवून आणतेस."

मी म्हणाले, "हरायची सवय नाही वाटतं? विचारणारीचा शब्द अखेरचा. जाताना दार लावून घे."

सगळे हसले. 'रडक्या क्लाइड' हे नाव त्याला तेव्हापासून चिकटलं. बायको गेल्यापासून त्यालाही ती एकच संध्याकाळ होती. तो पुन्हा आला नाही.

परवाच्या नाताळात गावच्या रीतीप्रमाणे मुखवटे घालून मंडळी दारोदार आली. मुखवट्यामागे कोण आहे ते घरच्यांनी ओळखायचं असतं. आर्डिथ मला हल्ली कधीकधी आईच्या नावाने हाक मारते, पण एका मुखवटेवाल्याचे बूट बघून ती ओरडली, "क्लाइड! गुरुवारी का रे येत नाहीस?"

त्याने मुखवटा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "गुडघा दुखतो गं, आर्डिथ." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कलम ४. प्रश्नांची पेटी क्लाइडला द्यावी आणि त्याची माफी मागावी, असं मी इथे लिहिणार होते. वकीलबाई म्हणाल्या, "अहो, तो माणूस तुमच्यापासून चार घरांवर राहतो. माफी टपालाने कशाला पाठवता?" म्हणून गेले. त्याला सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "दोन हिवाळे मी गुरुवारी भिंतीकडे बघत बसलो, बाई."

"हॉलमध्ये सांगते मी. तू बरोबर होतास म्हणून."

"आणि का बरोबर होतो, तेही सांगशील? तिच्यासमोर?"

मी सोबत नेलेली पेटी त्याच्यापुढे सरकवली.

"राहू दे. रडक्या तर रडक्या. पण पेटी नको मला. असले मापाचे प्रश्न मी विचारायचा नाही. मला तिच्या शेजारची खुर्ची दे."

"ती हरेल, क्लाइड."

"हरू दे. आम्ही दोघं मिळून चुकीचं लिहू. हसले तर दोघांना हसतील."

"आणि माफी?"

"ती नाही मिळायची. फार वाटलं तर माझ्या मृत्युपत्रात लिहीन."

म्हणून पेटी आता हॉलला, विचारणारं जे कोणी असेल त्याला. खुर्ची क्लाइडला, आजपासूनच, माझ्या मरणाची वाट न बघता.

कलम ५. आर्डिथ आहे तोवर कलम ३ हॉलवर कोणाच्या कानी पडू नये. ती गेल्यावर लोरेटाने एका गुरुवारी, पहिल्या प्रश्नाआधी, ते मोठ्याने वाचावं. क्लाइड तेव्हा असेल तर त्याला पुढे बसवावं. नसेल तरी वाचावं. त्याला ऐकायला मिळालं नाही, तर तो दोष माझा.

सही: व्हर्ना मे कॉर्कम
साक्षीदार: मर्टल क्रीझर, स्टॅन्ली नॉस
ठिकाण: झिंक कोव्ह. गुरुवार, ९ फेब्रुवारी २०१७

ता. क. तिसरी सही क्लाइडची घ्यावी असं माझ्या मनात होतं. त्याने पेन परत केलं. म्हणाला, "मी साक्षीदार नाही, फिर्यादी आहे." आता तो खाली गाडी सुरू करून बसला आहे. आर्डिथ त्याच्या शेजारच्या सीटवर आहे, आणि मला उशीर होतोय म्हणून दोघं मिळून हॉर्न वाजवताहेत.