नियम सतरा आणि तापलेला डबा

१४ जानेवारी २०२५
क्लबच्या स्पर्धेची नियमावली छापून आली. हॅम रेडिओची, म्हणजे हौशी वायरलेसची, इतकी बारीक नियमावली अख्ख्या विदर्भात नसावी. सगळी कलमं माझी. डिप्लोमा नाही, क्लास नाही, मोटर वाइंडिंगचं दुकान सांभाळून लिहिली.
स्पर्धा साधी आहे. रविवारी दहा ते चार, जो जास्तीत जास्त स्टेशनांशी बोलेल तो पहिला; दुर्मिळ स्टेशनाला जादा गुण. माणसं साधी नाहीत. मागच्या वर्षी राईस मिलवाल्या चंद्रकुमारने बाजूला भाचा बसवून नोंदी लिहवून घेतल्या. मीच पकडलं, मीच बाद करवलं. म्हणून यंदा नियम सतरा: पूर्ण स्पर्धेचं रेकॉर्डिंग, खोलीतल्या आवाजासकट, जमा करायचं. नियम अठरा: बाहेरच्या मदतीचा फायदा घेणाऱ्याचं नाव क्लबच्या फलकावर लाल अक्षरात, कायमचं. लाल ऑइलपेंटही मीच आणून ठेवला.
परीक्षक दुर्गाप्रसादजी, रेल्वेतून रिटायर. म्हणाले, केशोरावजी, खेल है, इतना डर किस बात का? म्हटलं, भीती चोराला.

१८ जानेवारी
संकल्प: उद्या माझा मोबाईल बंद. खोलीत कोणी येणार नाही. बायकोला, योगेश्वरीला, तसं सांगितलं. म्हणाली, खोली तुमची असेल, ऊन तिथंच येते, मी शेंगा तिथंच सोलीन.

१९ जानेवारी, दुपारी १
सकाळ उत्तम. भोपाळ, कटक, कोईमतूर, सगळे एका हाकेत. जेवणाआधी एक खबरदारी. सेटची शक्ती पन्नास वॅटच्या वर नको असा नियम आहे, चंद्रकुमार बोट दाखवणार. म्हणून डमी लोडवर मोजली. डमी लोड म्हणजे नकली अँटेना, तेलाच्या डब्यात बुडवलेली. खटका तिकडे केला की सगळी शक्ती डब्यातच गरम होऊन जिरते, हवेत काही जात नाही. एकोणपन्नास वॅट भरले. वहीत सही केली. दोन घास खाल्ले आणि लगेच माईकवर. एक मिनिट वाया घालवलं नाही.

दुपारी ३
लहरींचा बँड मेला. मेला म्हणजे, मला सगळे ऐकू येतात (ऐकायला वेगळी लूप अँटेना आहे, स्वतः बनवलेली), मला कोणी उत्तर देत नाही. हा कट आहे. चंद्रकुमारने फोन फिरवले असणार.
योगेश्वरी म्हणते, मांजर त्या डब्यावरून उठून काऊन नाही राहिलं, डबा तापला का पाहा. स्पर्धेत बोलू नको म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. पुन्हा तेच सांगावं लागलं.

संध्याकाळी ५
एक गोष्ट झाली.
संपायला थोडा वेळ होता. योगेश्वरी तिच्या मोबाईलवर क्लबचा ग्रुप वाचत होती. मोठ्याने म्हणाली, अंदमानवाला आला म्हणते, चौदा दोनशेवर. अंदमानला दहापट गुण. माझा हात फ्रिक्वेन्सीच्या बटणावर फिरला. हात फिरला, मी नाही. मी हाक दिली. अंदमान म्हणाला, आवाज एकदम स्वच्छ. मी नोंद केली.
मग टेबलावरच्या रेकॉर्डरचा लाल दिवा दिसला.

२० जानेवारी
नियमात बाहेरची मदत म्हटलं आहे. योगेश्वरी घरातली. प्रश्न मिटला.
चहाच्या वेळी तिला सहज विचारलं, तू घरातलीच ना? म्हणाली, मी अर्जुनीची. वरातीतून उतरली तेव्हा तुमच्याच मायनं बाहेरची म्हटलं होतं मले.
रेकॉर्डिंग कापता येत नाही. कापलेलं रेकॉर्डिंग म्हणजे कबुली, असं पोटकलम आहे. दूरदृष्टीने मीच घातलं होतं. पेनड्राइव्ह देऊन आलो. दुर्गाप्रसादजींच्या हातात जाईना, माझीच बोटं सुटेनात. म्हणाले, छोड़िए तो सही.

२३ जानेवारी
बिरसी विमानतळाचं शिकाऊ विमान आज घरावरून दोनदा गेलं. आधी कधी दोनदा गेलं नव्हतं.
दुर्गाप्रसादजींकडे बोदलकसा तलावाची मासळी पाठवावी, असं मनात आलं. ते शुद्ध शाकाहारी. शिवाय परीक्षकाला भेट देणं नियम बावीसमध्ये बसत नाही.

२६ जानेवारी
झेंडावंदनाला चंद्रकुमार भेटला. म्हणाला, भाऊ, तुमचं रेकॉर्डिंग लई मजेदार आहे म्हणते. आणि हसला. जिलबी हातातच राहिली. दारात मोटरसायकल थांबली की आधी खिडकीतून पाहतो. दुकानात गिऱ्हाईक आलं, मी आतून विचारलं, कोणी पाठवलं तुम्हाला? त्याचा पंप जळला होता.

२९ जानेवारी
ठरलं. स्वतः सांगून टाकायचं. प्रामाणिक माणसाला भीती कशाची. दुर्गाप्रसादजींना फोन लावला. गुडघ्याची चौकशी केली. ठेवला.

१ फेब्रुवारी
पेंटचा डबा भंगारात लपवला. मग लक्षात आलं, पेंट कुठल्याही दुकानात मिळतो. परत आणून ठेवला. जेवण गेलं नाही. योगेश्वरी म्हणते, कायले भिऊन राहिले, माणूस तर नाही मारला. तिला नियमांमधलं काही कळत नाही.

२ फेब्रुवारी, रात्री
सगळ्या क्लबसमोर रेकॉर्डिंग वाजवलं. योगेश्वरीलाही बोलावलं होतं. फलक टेबलावर आडवा. चंद्रकुमारच्या हातात कुंचला. अंदमानवाला आला म्हणते, हे तिचं वाक्य इतकं स्पष्ट आलं की मागच्या रांगेतही ऐकू गेलं.
दुर्गाप्रसादजी म्हणाले, मदद तो ली है।
मग त्यांनी अंदमानची नोंदवही काढली. तिच्यात मी नाही. त्या मिनिटाला अंदमान चंद्रकुमारशी बोलत होता. आवाज एकदम स्वच्छ, हे त्यालाच म्हटलेलं. भोपाळ, कटक, सगळ्यांच्या वह्या काढल्या. जेवणानंतर मी भारतात कोणालाच ऐकू आलेलो नाही.
मग दुसरा तुकडा वाजवला. मांजर त्या डब्यावरून उठून काऊन नाही राहिलं. सगळे हसले. मला शेवटी कळलं. खटका मोजमापानंतर तसाच राहिला होता. दुपारभर मी डब्याशी बोलत होतो.
निकाल: जो मदद ली, उससे फायदा नहीं हुआ। जिससे होता, वो ली नहीं। नियमात फायदा हा शब्द आहे, बारकाईने मीच घातलेला. म्हणून बाद नाही. पाच स्पर्धकांत पाचवा. चंद्रकुमारने कुंचला कोरडाच ठेवला आणि माझ्याकडे दया आल्यासारखं पाहिलं. लाल अक्षरं परवडली असती.
निघताना दुर्गाप्रसादजी योगेश्वरीला म्हणाले, भाभीजी, लायसन्स क्यों नहीं निकालतीं आप?

३ फेब्रुवारी
योगेश्वरीने परीक्षेचं पुस्तक मागितलं. दिलं. म्हटलं, अवघड आहे, बस, समजावून सांगतो.
पान उलटत म्हणाली, राहू द्या, बाहेरची मदत चालत नाही.