'लीव्ह'चं चौथं वाक्य

तीर्थस्वरूप मामींना,

आनछिंगहून भाचा वेइशेंगचा वाकून नमस्कार. कुनमिंगला हवा बरी असेल आणि तुमचा खोकला गेला असेल, असं धरून चालतो. इकडे माझी वाचा बसली आहे (सर्दीने नव्हे, धक्क्याने).

झालं असं, की आठवीच्या पोरांना मी 'लीव्ह' हे इंग्रजी क्रियापद शिकवत होतो. मामी, महामाया आहे हो ते! आपल्या चिनीत निघायला एक शब्द, मागे ठेवायला दुसरा, रजेला तिसरा. इंग्रजांनी सगळं एकाच पोत्यात कोंबलंय. पोरं गोंधळतात, म्हणून मागच्याच्या मागच्या रविवारी वाक्यं रचून, खाली चिनी अर्थ देऊन, पालकांच्या ग्रुपवर टाकली. गाडी नऊला सुटते. छत्री घरी राहिली. दार उघडं राहू दे. आणि चौथं (ओळखीचं नाव घातलं की पोरांच्या डोक्यात बसतं, हा माझा लाडका सिद्धांत): मियाओ गुरुजी शुक्रवारी ही शाळा सोडत आहेत. मियाओ गुरुजी म्हणजे मीच.

आता आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. शाळेचं काहीही आलं की वाचण्याआधी उत्तर जातं, "मिळालं. गुरुजी, किती कष्ट घेता!" मागे राहील तो बेजबाबदार बाप. तशी धडाधड उत्तरं आली, मी खूश. पण मुख्याध्यापक ल्याओ (ग्रुप वाचणारा अख्ख्या शाळेत हा एकच माणूस, आणि तोही नेमकं चौथं वाक्य वाचतो!) यांनी गुरुवारी तिथेच जाहीर केलं, की मियाओ गुरुजींच्या जागी सोमवारपासून थान बाई येतील. शुक्रवारी ल्याओंनी मला टरबूज दिलं. मला वाटलं, शिकवणं आवडलं. बसून खाल्लं की हो सगळं!

सोमवारी वर्गात जातो तर माझ्या खुर्चीवर थान बाई! धावत ल्याओंकडे गेलो.

"साहेब, अहो ते उदाहरण होतं!"

"असेल. पालकांची एकाचीही हरकत नाही."

"मला तरी विचारायचं!"

"कळवलं होतं की. हे बघा." त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यांच्या निरोपाखाली सगळ्यात पहिलं उत्तर माझंच होतं. "मिळालं. सर, किती कष्ट घेता!"

मामी, हसू नका. नोकरी गेली ती गेलीच, पण एवढ्या पालकांत "का हो जाताय?" असं विचारणारा एकही मायेचा पूत निघू नये? ते फार लागलं मला.

आपला हतबुद्ध भाचा,
मियाओ वेइशेंग

ता. क. राहिलंच की. अखेर थान बाईंनी विचारलं, तेही डोळ्यांत पाणी आणून. कुणीतरी विचारलं या आनंदात माझी जीभ सैल सुटली. म्हटलं, कुनमिंगला माझी मामी एकटी, शेवयांच्या खानावळीचा एवढा पसारा, म्हातारपणी तिला कोण? बाईंनी ते ल्याओंना सांगितलं, ल्याओंनी ग्रुपवर टाकलं, आणि आता मेले सगळे वाचतायत! असा भाचा घरोघरी जन्मावा म्हणतायत.

पुन्हा ता. क. खानावळीत भांडी घासायला माणूस हवाय का? नको असला तरी नाही म्हणू नका. पालकांनी वर्गणी काढून माझं गुरुवारचं तिकीट आणलंय, नुसतं जायचं.