गोठ्याच्या भिंतीवरच्या रेघा

तुम्ही बागेतून आलात की जेवून घ्या. पेज चुलीवर आहे, सुकटाची चटणी शिंक्यात. मी सासूबाईंबरोबर रत्नागिरीला नर्सबाईंकडे जाते.

चौथ्या दिवशी न्हाल्यावर लगेच दिवस राहतात असं सासूबाई सांगत. म्हणून तीन वर्षं तुम्हाला मुंबईहून चुकीच्या वेळी बोलावलं. दोन पाळ्यांच्या मधले दिवस खरे, हे नर्सबाईंनी समजावलं. तेव्हापासून गोठ्यात, बाहेर बसायच्या कोपऱ्यात, मी रोज कोळशाची रेघ ओढते. पाळी आली की गोल. शेवटच्या गोलापुढे आज त्रेचाळीस रेघा झाल्या.

परवा माझ्या रेघांच्या बाजूचं सारवण पडलं. खाली तशाच रेघा, तसेच गोल आहेत. माझ्याआधी त्या कोपऱ्यात तुमची पहिली बायको, जनीबाईच बसत. त्यांच्या शेवटच्या गोलापुढे मी दोनशे बारा रेघा मोजल्या. पुढे भिंत कोरी आहे.

जनीबाई तापाने गेल्या, त्यांना कधी दिवस गेलेच नाहीत, असं तुम्ही मला सांगितलंत. मी संध्याकाळी येईन तेव्हा खरं सांगा.

तोवर भिंतीला हात लावू नका. सारवण बायकांचं काम, पण जनीबाई गेल्या तेव्हा ती भिंत तुम्ही स्वतः सारवलीत, असं सासूबाई काल बोलून गेल्या.

मैना