आपल्या गाडीचं स्टिअरिंग

दि. ४ फेब्रुवारी

चि. सूनबाई हिस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोहोचलं. आम्ही दोघं ठीक आहोत. माझा गुडघा आणि तुझ्या सासूबाईंचा रक्तदाब आपापल्या जागी आहेत. नवी शाळा चांगली आहे, खोलीत सकाळचं ऊन येतं, शेजारीण बोलकी आहे, हे वाचून बरं वाटलं. उन्हाचं वाक्य हिने मला पुन्हा वाचायला लावलं. स्वतः वाचलं असतं, पण चष्मा सापडत नव्हता. तो कपाळावर होता.

पाकीट हातात आलं तेव्हाच मनात पाल चुकचुकली. एक दिवसाआड फोन करणारी मुलगी पत्र लिहिते, म्हणजे फोनवर न बोलता येण्यासारखं काहीतरी असणार. तसंच निघालं. तुझ्या शाळेत गणित शिकवणाऱ्या त्या गृहस्थांनी तुला लग्नाचं विचारलं आहे. आपला पोरगा गेल्यानंतर तू असा विचार कधी केला नव्हतास, आता करावासा वाटतो, असं तू लिहिलं आहेस. आई-वडील असते तर त्यांना विचारलं असतं, आता तुम्हालाच विचारते. तुमच्या मनात नसेल तर हा विषय मी इथंच थांबवते, असंही लिहिलं आहेस. सगळं वाचलं. नीट वाचलं.

पण आधी तू इथं ठेवून गेलेल्या गाडीचं सांगतो. कारण गाडी न्यायला तुम्ही दोघं येणार म्हणता, आणि गाडी सध्या फाटकाबाहेर काढायच्या लायकीची नाही. तू गेल्यापासून तिच्याखाली तेलाचा डाग पडतोय. बोट बुडवून पाहिलं तर तेल पातळ आणि लालसर, म्हणजे पॉवर स्टिअरिंगचं. वळवताना गाडी अशी कण्हते की समोरचे वकीलसाहेब खिडकीतून डोकावतात. वाकून पाहिलं. पुढच्या दोन चाकांच्या मधे जी आडवी रॅक असते, स्टिअरिंग फिरवलं की जी चाकं वळवते, तिचं सील गेलंय. रॅकच बदलावी लागणार.

गॅरेजवाला म्हणाला, "आप्पा, गाडी ठेवून जा, परवा घेऊन जा." मी म्हटलं, घरीच करतो. ज्याचा उभा जन्म कारखान्यात लेथवर गेला, त्याने एका रॅकसाठी दुसऱ्याच्या दारात जावं? यावर तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "हात दाखवून अवलक्षण!" असो. नवी रॅक मागवली आहे, अजून आलेली नाही. असे पार्ट यायला फार वेळ लागतो म्हणतात. तेव्हा तुम्ही यायची घाई करू नका.

तब्येतीला जप. शिकवताना फार ओरडू नकोस, तुझा घसा लगेच बसतो.

तुझे,
आप्पा

&nbsp;

दि. २० फेब्रुवारी

चि. सूनबाई हिस,

आशीर्वाद. फोनवर तू "पार्ट आला का?" एवढंच विचारतेस. दुसरं काही विचारत नाहीस. तुझं ते न विचारणं मला ऐकू येतं बरं.

पार्ट आला होता. मागचं पत्र पेटीत टाकून घरी आलो तर दारात खोकं. ते मी पलंगाखाली, पाहुण्यांच्या गाद्यांच्या मागे सरकवून दिलं. तुझ्याशी फोनवर खोटं बोललो. हिच्याशी तर रोज, तोंडावर.

पण या घरात काही लपतं का? झाडताना हिचा केरसुणीचा दांडा खोक्यावर आपटला. मी बाहेर पेपर वाचत होतो. आवाज ऐकला आणि उगाच खाकरलो. चोराच्या मनात चांदणं!

"अहो, पार्ट आला नाही म्हणता, मग हे पलंगाखाली काय बाळंत झालंय?"

"ते होय... ते आत्ताच—"

"आत्ताच? याच्यावर बोटभर धूळ आहे."

मी आत गेलो. ती पलंगावर बसली आणि हळूच म्हणाली, "ती गाडी नेईल म्हणून?"

हो, म्हणूनच. तुला काय सांगू, गाडी झाली की तू येणार, चावी घेणार आणि जाणार. मग इथं यायला तुला कारण काय उरणार? म्हातारी माणसं हे काही कारण नव्हे. म्हटलं, गाडी बिघडलेली राहील तेवढे दिवस तरी तू आमची आहेस. हे शहाणपणाचं नाही, मला माहीत आहे. हिने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. फक्त खोकं बाहेर ओढलं आणि म्हणाली, "उद्या उजाडलं की कामाला लागायचं."

लागलो. गाडी जॅकवर उचलून खाली लोखंडी घोड्या लावल्या, पुढची चाकं काढली. आधी एक महत्त्वाचं काम असतं. रॅक सुटली की वरचं स्टिअरिंग मोकळं होतं, आणि कुणी चुकून गरागरा फिरवलं तर आतली तार तुटते. म्हणून ते जसं आहे तसं सीटबेल्टने करकचून बांधलं. मग खालून रॅक काढली. दोन पाइप, चार बोल्ट. एवढं लिहायला सोपं आहे. एक बोल्ट असा गंजला होता की तो सोडताना माझ्या तोंडून काय काय निघालं, ते वकीलसाहेबांनी ऐकलं असेल तर माझ्यावर दावा लागेल.

ही स्टूल टाकून बसली होती, उंटावरून शेळ्या हाकत. "तो पाना नको, मोठा घ्या." लाज अशी की मोठाच लागला.

जुनी रॅक नवीच्या शेजारी फडक्यावर ठेवली आणि मापात माप घेतलं. जुनीची डावी बाजू किती बाहेर, उजवी किती, तिच्या टोकाच्या दांड्या कितीवर बसवलेल्या. नवी हुबेहूब तशीच केली, सूतभर फरक नाही. तेव्हा मला माझाच अभिमान वाटला.

तेल भरल्यावर आतली हवा काढावी लागते. एकाने इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, दुसऱ्याने तेलाच्या डब्यात बुडबुडे बघायचे. एकट्याचं काम नव्हे. पोरगा होता तेव्हा अशा कामाला तो असायचा. हिला म्हटलं, बस. दवाखान्यातून त्याच्याविना परत आलो, त्यानंतर ही या गाडीत बसली नव्हती, तुला ठाऊकच आहे. पदर खोचला आणि बसली.

"डावीकडे... सावकाश... आता उजवीकडे."

"तिला उत्तर काय दिलंत?" हिने आतून विचारलं.

"बुडबुडे येतायत. डावीकडे."

"मी काय विचारतेय?"

"हवा पुरती निघू दे गं. घाई केली की आत राहते आणि मग गाडी कायम कण्हत राहते."

ती नुसतं स्टिअरिंग फिरवत राहिली, मी बघत राहिलो. बुडबुडे कमी होत गेले, मग थांबले. इंजिन चालू केलं तर आवाज नाही, काही नाही. हिने एका बोटाने स्टिअरिंग फिरवून दाखवलं आणि लहान मुलीसारखी हसली.

तुझा प्रश्न मी विसरलेलो नाही. कुणाला विसरता येईल?

तुझे,
आप्पा

&nbsp;

दि. २७ फेब्रुवारी

चि. लेकीस,

हा मायना आज आपोआप हाताला आला. खोडत नाही.

रॅक बदलल्यावर चाकांची दिशा यंत्रावर तपासून घ्यायची असते, म्हणून गाडी अलाइनमेंटला नेली. तिथल्या माणसाने गाडी पुढंमागं केली आणि म्हणाला, "आप्पा, काम झकास केलंत. पण स्टिअरिंग वाकडं बसलंय."

"तुमच्या जमिनीलाच उतार असेल," मी म्हटलं. नाचता येईना, अंगण वाकडं!

तो हसला. मला गाडीत बसवून म्हणाला, "चाकं सरळ आहेत. आता स्टिअरिंग बघा." बघितलं. मधली पट्टी डावीकडे चांगली चार बोटं खाली उतरलेली. आणि मला ती सरळ दिसत होती. अगं, मी तिथं मिनिटभर बघत बसलो, तरी सरळच दिसत होती.

मग लक्षात आलं. तुमच्या लग्नाच्या आधी आपल्या पोराने रॅकच्या टोकाच्या दांड्या स्वतः बदलल्या होत्या. मला हात लावू दिला नव्हता. एक आखूड बसली, एक लांब. मी तेव्हाच म्हटलं होतं, स्टिअरिंग वाकडं आहे रे. तर म्हणाला, "आप्पा, गाडी सरळ जातेय ना? मग रस्त्याकडे बघा, स्टिअरिंगकडे काय बघताय?" आणि मग आपल्याला सवयच झाली. गाडी एका बाजूला जास्त वळायची, त्याला आपण गाडीची खोड म्हणायचो. तू तर गाडी शिकलीसच तशी. लेथवर ज्याने कुणाचा सूतभर फरक चालू दिला नाही, त्या माणसाने मुलाची चूक मापात माप घेऊन नव्या रॅकवर उतरवली होती.

"सरळ करू? लगेच होईल," त्या माणसाने विचारलं.

मी नको म्हटलं. तशीच घरी आणली, वर कव्हर घातलं, आणि हिला म्हटलं, झालं. पण माझं तोंड बघून तिने कव्हर काढायला लावलं. सगळं सांगितलं. ती आत जाऊन बसली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, जसं होतं तसं, वाकडं.

"म्हणजे हे त्याने केलेलं."

"हो."

"मला वाटायचं, आपल्या गाडीचं असंच असतं."

मग ती रडली. मीही बाजूच्या सीटवर बसून रडलो, तुझ्यापासून कशाला लपवू. दुपारची वेळ, फाटक उघडं. वकीलसाहेब डोकावले आणि पहिल्यांदाच खिडकी लावून घेतली.

डोळे पुसून ही म्हणाली, "अहो, ती ही गाडी तिकडे चालवणार. शेजारी ते मास्तर बसतील. कधी तेही चालवतील. त्यांना काय सांगणार आहात? आमच्या घरात चार बोटं वाकडं धरायची रीत आहे म्हणून?"

मी उठलो आणि पाने काढले. हिने स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, मी गाडीखाली शिरून दोन्ही दांड्यांचे नट सैल केले. एक बाजू आत घेतली, दुसरी तेवढीच बाहेर. शेवटचा नट आवळताना हात थांबला होता, ते खरं. पण पोरगा बघत असता तर चिडला नसता. म्हणाला असता, घ्या, आप्पा जिंकले शेवटी. दुसऱ्या दिवशी यंत्रावर तपासून आणलं. आता सगळं जिथल्या तिथं आहे.

जुनी रॅक भंगारात दिली नाही. पुसून, त्याच्या आखूड-लांब दांड्यांसकट फळीवर ठेवली आहे. तेवढी आमच्याकडे राहू दे. गाडी तुझी आहे. ती घेऊन जा, आणि परत यायला कारण शोधू नकोस. कारण लागत नाही.

आता तुझा प्रश्न. आमच्या मनात आहे. माझ्या आधी हिच्या मनात होतं. मी तेवढा वेळ लावला. मास्तरांना घेऊन ये. येताना त्यांना सांग, इथं एक म्हातारा त्यांना आधी गाडीखाली घालील, मग चहा देईल. लग्नाचा दिवस ठरला की कळव. तुझ्या बाजूने कोण उभं राहील, ही काळजी तू करू नकोस.

एक लक्षात ठेव. स्टिअरिंग आता सरळ आहे, पण पहिले काही दिवस तुझ्या हाताला ते वाकडं वाटेल. हात आपोआप डावीकडे ओढेल. ओढू देऊ नकोस. गाडी सरळ जाईल, तू रस्त्याकडे बघ.

तुझे,
आई आणि आप्पा
मुलीकडचे