पहिली ओळ आत्याची

डुनेडिन, १२ ऑक्टोबर

ती. पिसिला आत्यास फेहियाचा सा. न. वि. वि.

आत्या, मला शिष्यवृत्ती मिळाली. यंदा उन्हाळ्यात सफरचंदांच्या पेट्या भरायला मजुरीवर जायचं नाही. विद्यापीठ मला सांभाळणार आणि मी फक्त संगीत रचायचं. अर्जात लिहिलं होतं, की माझी आत्या टोंगातल्या वावाऊ बेटावरच्या चर्चमध्ये प्रत्येक गाण्याची पहिली ओळ एकटी उचलते, मग बाकीच्या बायका मागून येतात. तुझा तो आवाज ध्वनिमुद्रित करून त्याभोवती रचना बांधीन. त्यांनी विचारलं, आत्या तयार आहे का. मी हो म्हणून मोकळी झाले. आता मला खोटं पाडू नकोस.

तुझी, फेहिया


नेइआफू, ३० ऑक्टोबर

चि. फेहियास आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या बापाने चर्चबाहेर उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवलं. गाणं ऐकायचा पगार मिळतो हे त्याला अजून पटत नाही. म्हणतो, मग मी जन्मभर बहिणीचं ऐकलं त्याचं काय.

पण बाळ, तुला कळवलं नव्हतं. माझ्या घशात गाठ आहे. जानेवारीत ऑकलंडला शस्त्रक्रिया. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज जाईल. आत्ताच तो पार फाटलाय. असा आवाज यंत्रात भरून ठेवू नकोस. लोकांनी मला तसं ऐकलेलं मला सोसायचं नाही. दुसरा विषय घे, आणि माझ्यावर रुसू नको.

तुझी आत्या


डुनेडिन, ११ नोव्हेंबर

ती. आत्यास सा. न.

तुझं पत्र मी ग्रंथालयाच्या जिन्यात बसून वाचलं, आणि तिथेच रडले. मग माझ्या मार्गदर्शक मॅकरे बाईंना म्हटलं, शिष्यवृत्ती परत घ्या. त्यांनी आधी चहा पाजला. म्हणाल्या, ती यंत्राला दिलेली नाही, तुला दिली आहे. जा, आत्याकडून गाणं शीक. हाती काही लागलं नाही तर तसं लिहून दे.

तेव्हा यंत्र इथेच ठेवून येते. फाटक्या आवाजात शिकव, दार लावून शिकव. तू नाही म्हणालीस तरी तिकीट काढलंय. शिकवलं नाहीस तर नुसती नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूच्या पानांची लू खाऊन परत येईन.

तुझी हट्टी, फेहिया


ऑकलंड, ९ मार्च

चि. फेहियास अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे, पण अजून इस्पितळातच. जेवण अजून पातळच. तुझा बाप फार खूश, कारण मी पाटीवर उत्तर लिहीपर्यंत तो खोलीबाहेर पळालेला असतो.

काल तुझ्या कार्यक्रमाची सीडी ऐकली. डिसेंबरात मी तुला फार छळलं. श्वास चुकला की पुन्हा म्हण, पुन्हा म्हण. एकदा तू चिडून किनाऱ्यावर निघून गेलीस. तुला वाटलं असेल, आत्या दुखण्याने खाष्ट झाली. तसं नव्हतं गं. मला घाई होती.

काल सीडीत तू पहिली ओळ उचललीस आणि माझा गळा आपोआप हलला. आवाज आला नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईने विचारलं, कोण गातंय हे. मी पाटीवर लिहिलं, मी. ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. मग त्याखाली लिहिलं, माझी भाची. पुसलं मात्र काहीच नाही.

आहेस तशीच माझी राहा.

तुझी, पिसिला आत्या