आईची वेणी

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

पाया पडतो, लांबूनच. जवळ आलो तर कान धरशील. इकडे सगळं ठीक. तुझ्या भावजयीचा खोकला गेला, माझे गुडघे कुरकुरतात. तुझ्या ऑपरेशनचा दिवस ठरल्याचं भाचीने कळवलं. तू मुळीच घाबरली नाहीस म्हणे. म्हणजे चांगलीच घाबरली आहेस.

माझ्या पदकाची बातमी तू गल्लीभर केलीस, तेही कळलं. "आमच्या ठोंब्याला नुसता एक केस द्या, वय सांगतो!" खरंच आहे ते. वस्तू किती जुनी, हे तिच्यातल्या कार्बनवरून कळतं, पण त्यासाठी तिचा तुकडा जाळावा लागतो. पूर्वी मूठभर लागायचं. माझ्या पद्धतीत एका केसावर भागतं.

ती पद्धत तपासायला वय पक्कं माहीत असलेलं काहीतरी हवं होतं. आईच्या आजारपणात तिची वेणी तूच कापून जपून ठेवली होतीस, तुला तारीखसुद्धा पाठ होती. मी चार केस मागितले. तू म्हणालीस, "वेणी कशाला विसकटायची? अख्खी ने. काम झालं की आण."

पहिल्या खेपेला आई आठशे वर्षांची निघाली. प्रयोगशाळेत सगळे खो खो हसले. मीही हसलो, ताई. दोष तिच्या बाजारच्या तेलाचा होता, त्यात खनिज तेल मिसळलेलं, आणि ते जमिनीखालचं, लाखो वर्षं जुनं. ते पुरतं धुऊन कसं काढायचं, हे शोधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. धुवायचं, जाळायचं, चुकायचं, पुन्हा वेणीला हात घालायचा. दुसऱ्या कुणाचे केस घेऊन नव्याने सुरुवात करता आली असती. पण दुसरी एक प्रयोगशाळा त्याच मागावर होती आणि मला थांबायचं नव्हतं.

आकडा बरोबर आला तेव्हा वेणी संपली होती.

तू जेव्हा विचारलंस तेव्हा "कपाटात आहे, जपून ठेवलीय," असं मी सांगत आलो. आता भाची लिहिते, दवाखान्यात उशाशी ठेवायला तुला ती हवी आहे.

काल मी बाजारातून तशीच एक केसांची वेणी विकत आणली. खोट्या जुन्या वस्तू पकडून देणारा मी! पाकीटही चिकटवलं. मग आठवलं, आईची वेणी रोज तूच घालायचीस. हात लावताच तू ओळखशील, आणि मला लाज वाटू नये म्हणून काही बोलणार नाहीस. ते मला सोसणार नाही.

रविवारी येतो, रिकाम्या हातांनी. हवं तेवढं बोल, पण मला उशाशी बसू दे.

तेव्हा आईला हसलेला,
तुझा ठोंब्या